लशीचे प्रश्न, घरातले आणि गावातले

ही पत्रोत्तरे नोव्हेंबर 2021 मधली आहेत, आणि त्यांतले लसीकरणाचे नियम व सोयी त्या वेळच्या आहेत. शाळा 4 ऑक्टोबरला उघडल्या, देवळे घटस्थापनेला उघडली, दिवाळीला माहेरवाशिणी येऊन गेल्या, कारखान्यांचे गळीत हंगाम सुरू झाले, आणि कोरोना आता गेलाच अशा समजुतीने लसीकरण केंद्रांवरची गर्दी ओसरली. 21 ऑक्टोबर 2021 रोजी देशाने शंभर कोटी डोसांचा टप्पा ओलांडला, ही मोठीच गोष्ट आहे. परंतु या महिन्यात सातारा आणि सांगली जिल्ह्यांतून आलेली पत्रे वाचली, की लशीवाचून मागे राहिलेली माणसे कोण आहेत आणि ती का मागे राहिली आहेत, हे कळते. त्यांपैकी सहा पत्रांना येथे उत्तरे देत आहे. पत्रलेखकांची नावे छापलेली नाहीत.

प्रश्न : माझ्या सासूबाई 72 वर्षांच्या आहेत. त्यांना मधुमेह आणि रक्तदाब आहे. ‘मी उंबऱ्याबाहेर पडत नाही, मला कुठून होणार कोरोना?’ असे म्हणून त्यांनी आजवर एकही डोस घेतलेला नाही. शेजारच्या काकूंना लशीनंतर दोन दिवस ताप होता, हे त्यांनी मनात धरले आहे. मी विषय काढला की धाकटे दीर म्हणतात, ‘वहिनी, आग्रह करू नका, काही झाले तर जबाबदार कोण?’ मी काय करावे? — एक सून, कोरेगाव

उत्तर : आपल्या पत्रातील सर्वांत महत्त्वाचे वाक्य दिरांचे आहे. ‘काही झाले तर जबाबदार कोण’ हा प्रश्न आपल्याकडे लस देताना विचारला जातो. लस न दिल्यामुळे माणूस आजारी पडले, तर तो कोणीही विचारत नाही, कारण जे आपण केलेच नाही त्याचा दोष आपल्याकडे येत नाही असे आपण धरून चालतो. तुमच्या घरात या प्रश्नाचा भार आणखी एका कारणाने तुमच्यावर पडतो आहे. सुनेने आग्रह केला आणि सासूबाईंना ताप आला, तर तो ताप सुनेच्या नावावर मांडला जातो. लेकाने आग्रह केला तर तोच ताप लशीचा ठरतो. म्हणून हा निर्णय तुम्ही एकट्याने अंगावर घेऊ नका. सासूबाईंच्या दोन्ही मुलांनी, आणि लेक असेल तर तिनेही, त्यांच्याजवळ बसून ‘आई, हे आम्ही सगळ्यांनी ठरवले आहे, पुढचे आम्ही बघतो’ असे सांगितले पाहिजे. दिरांना हे पत्र आणि उत्तर अवश्य वाचायला द्या.

उंबऱ्याबाहेर पडत नाही, हे सासूबाईंचे म्हणणे खरेच आहे, पण उंबऱ्याच्या आत सगळे गाव येते. मुलगा कामावरून येतो, नातवंडे शाळेतून येतात, दूधवाला येतो, भाऊबिजेला पाहुणे येऊन गेले. दुसऱ्या लाटेत कितीतरी वृद्धांना घरातल्याच माणसाकडून संसर्ग झाला. ज्यांचे वय साठीच्या पुढे आहे आणि ज्यांना मधुमेह किंवा रक्तदाब आहे, त्यांच्यात हा आजार गंभीर होण्याची भीती सर्वाधिक असते, आणि म्हणूनच 1 मार्चपासून सर्वसामान्य नागरिकांना लस द्यायला सुरुवात झाली, तेव्हा पहिला मान याच वयाला दिला गेला. शेजारच्या काकूंना आलेला ताप खरा आहे, तो नाकारू नका. लशीनंतर दंड दुखणे, अंग मोडून येणे, कणकण किंवा एक-दोन दिवस ताप येणे हे अनेकांना होते आणि पॅरासिटामॉलच्या गोळीने व विश्रांतीने ते बरे होते.

सासूबाईंच्या वयाच्या माणसांशी बोलताना आणखी एक वाट मला उपयोगी वाटते. त्यांच्या दंडावर लहानपणी देवी काढल्याची खूण बहुधा असेल. देवीच्या रोगाने वण पडलेले चेहरे आणि गेलेले डोळे त्यांच्या पिढीने पाहिले आहेत. देवी काढायला माणूस गावात आला की आया मुलांना लपवीत, रडारड होई, तापही येई. तरीही त्या लशीमुळेच देशातला देवीचा शेवटचा रुग्ण 1975 मध्ये सापडला आणि 1977 मध्ये भारत देवीमुक्त जाहीर झाला. त्यांना मोबाइलवरचे आकडे वाचून दाखवण्यापेक्षा त्या दिवसांविषयी विचारा आणि त्यांना बोलू द्या.

त्या तयार झाल्या की सकाळची, कमी गर्दीची वेळ निवडा. न्याहारी करून जावे, रोजच्या गोळ्या बंद करू नयेत, गोळ्यांची चिठ्ठी बरोबर ठेवावी, सैल बाहीचे पोलके घालावे. लस घेतल्यानंतर अर्धा तास केंद्रावर बसणे हा सर्वांत आवश्यक भाग आहे; क्वचित येणारी तीव्र अॅलर्जी बहुधा याच वेळात दिसते आणि तिच्यावरचे इंजेक्शन केंद्रात तयार असते. त्यांना चालवत नसेल, तर आशाताईंकडे नाव द्या. अंथरुणाला खिळलेल्या आणि दिव्यांग व्यक्तींना घरी जाऊन लस देण्याच्या सूचना सप्टेंबरमध्येच आलेल्या आहेत.

प्रश्न : माझी द्राक्षबाग आहे. छाटणी झाली, आता फेलफुटी (घड न आलेल्या फुटी) काढण्यापासून डिपिंगपर्यंतची (घड द्रावणात बुडवण्यापर्यंतची) कामे एकामागून एक अंगावर आहेत. माझ्याकडच्या मजुरांनी जूनमध्ये कोविशील्डचा पहिला डोस घेतला, तेव्हा निम्म्या जणांचा दोन दिवसांचा रोज बुडाला. आता ‘एक घेतला तेवढा पुरे’ म्हणतात. काही बाया म्हणतात, पाळीच्या दिवसांत लस घेऊ नये. शिवाय मुदत उलटून गेली, तर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते काय? — एक बागायतदार, तासगाव तालुका

उत्तर : पहिल्यापासून काहीही करावे लागत नाही. कोविशील्डच्या दोन डोसांत 84 दिवसांचे अंतर ठेवायचे आहे. त्याहून उशीर झाला तर जेव्हा जमेल तेव्हा, पण लवकरात लवकर, दुसरा डोस घ्यायचा. एका डोसाने मिळणारे संरक्षण अपुरे असते, आणि दुसऱ्या लाटेत आपल्याकडे पसरलेल्या विषाणूच्या डेल्टा प्रकाराविरुद्ध तर ते फारच अपुरे ठरले. कोविशील्डच्या दुसऱ्या डोसाचा त्रास पहिल्यापेक्षा सहसा कमी होतो, हे मजुरांना जरूर सांगा, कारण त्यांची भीती पहिल्या अनुभवावर उभी आहे. पाळीच्या आधी किंवा पाळीत लस घेऊ नये, हा निरोप एप्रिलपासून मोबाइलवर फिरतो आहे आणि तो निराधार आहे. पाळी चालू असतानाही लस घेता येते.

परंतु तुमच्या पत्रातील खरा विषय रोजाचा आहे, आणि त्याचे उत्तर मजुरांकडे नसून तुमच्याकडे आहे. ज्याची चूल आजच्या मजुरीवर पेटते, त्याला दोन दिवसांचा ताप म्हणजे दोन दिवसांचा उपास वाटतो. त्याला आपण ‘अडाणी’ म्हणून मोकळे होतो, हे मला अन्यायाचे वाटते. लशीच्या दुसऱ्या दिवसाचा रोज तुम्ही भरून द्यावा, असे मी आग्रहाने सुचवतो. सगळ्यांना एकदम न पाठवता निम्म्यांना या आठवड्यात आणि निम्म्यांना पुढच्या आठवड्यात पाठवा, म्हणजे बागेतले काम अडणार नाही. दुसऱ्या दिवशी आठवडी बाजाराची सुट्टी येईल असा वार निवडलात, तर रोजही कमी बुडेल.

आणखी एक गोष्ट करता येईल. कोविशील्डच्या एका बाटलीत दहा डोस असतात आणि बाटली उघडल्यावर चार तासांत ती संपवावी लागते, नाहीतर उरलेले डोस टाकून द्यावे लागतात. उपकेंद्रावर दोनच माणसे आली की सिस्टर ‘थोडे थांबा, दहा जण जमू द्या’ का म्हणतात, त्याचे कारण हे आहे. पण दोन तास थांबून परत गेलेला मजूर पुन्हा येत नाही. तुमच्या आणि शेजारच्या बागेतील मिळून वीस माणसे होत असतील, तर प्राथमिक आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना भेटून वस्तीवरच सत्र मागा. जवळपास ऊसतोडीची टोळी उतरली असेल, तर मुकादमाला विचारून त्यांनाही त्यात घ्या. बीड किंवा नगर जिल्ह्यात पहिला डोस घेतलेल्या माणसाला दुसरा डोस तासगावात घेता येतो. पहिल्या वेळी दिलेला मोबाइल नंबर आणि ओळखपत्र तेवढे तेच हवे. ज्यांच्याकडे फोन नाही, त्यांची नोंदणी दुसऱ्याच्या नंबरावर होते. सध्या (नोव्हेंबर 2021 मध्ये) एका नंबरावर चार जणांची नावे घालता येतात.

प्रश्न : जुलैच्या पुरात घरातली सगळी कागदपत्रे गेली. त्यात माझे आणि वडिलांचे आधार कार्ड आणि लशीचे प्रमाणपत्रही होते. आता दुसरा डोस कसा मिळणार? — एक वाचक, भिलवडी

उत्तर : प्रमाणपत्राची चिंता करू नका. नोंदणीच्या वेळी दिलेल्या मोबाइल नंबरावरून ते लसनोंदणीच्या सरकारी कोविन संकेतस्थळावर पुन्हा काढता येते. ओळखीसाठी आधारच हवे असेही नाही. मतदार ओळखपत्र, पॅन कार्ड, वाहन परवाना, पासपोर्ट किंवा फोटो असलेले पेन्शनचे पुस्तक चालते. पहिल्या वेळी आधार दिले असेल, तर त्याचा क्रमांक सांगितल्यावर जुनी नोंद शोधता येते. यांपैकी काहीही हाती उरले नसेल, तरीही ओळखपत्र नसलेल्यांना विशेष सत्रांत लस देण्याची तरतूद मे महिन्यात झालेली आहे. उपकेंद्रातून कोणी परत पाठवले, तर तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना भेटा.

प्रश्न : माझे वडील 66 वर्षांचे होते. एप्रिलमध्ये मीच त्यांना आग्रह करून पहिला डोस द्यायला नेले. केंद्रावर दोन-तीन तास रांग होती. सहाव्या दिवशी त्यांना ताप आला, तपासणी पॉझिटिव्ह आली आणि दोन आठवड्यांत ते गेले. आई आणि भाऊ म्हणतात, लशीनेच गेले. दोघांनीही लस घेतलेली नाही, आणि माझ्याशी या विषयावर बोलतही नाहीत. मलाही आता काही समजेनासे झाले आहे. — एक मुलगी, सातारा

उत्तर : आपल्या वडिलांच्या जाण्याचे दुःख आणि त्यावर आलेले हे ओझे, दोन्ही फार मोठी आहेत. प्रथम जे निश्चित सांगता येते ते सांगतो. लशीमुळे कोरोनाचा संसर्ग होऊ शकत नाही. कोविशील्डमध्ये चिंपांझीत आढळणारा, शरीरात वाढू न शकणारा असा बदललेला विषाणू असतो, आणि कोव्हॅक्सिनमध्ये निष्क्रिय केलेला, म्हणजे मेलेला कोरोना विषाणू असतो. नाकातल्या स्रावाची तपासणी लशीमुळे पॉझिटिव्ह येत नाही. संसर्ग झाल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत दोन ते चौदा दिवस जातात आणि बहुतेकांना ती पाच-सहा दिवसांत दिसतात. लशीपासून संरक्षण मिळू लागायला मात्र दोन ते तीन आठवडे लागतात. वडिलांना संसर्ग झाला, तेव्हा त्यांच्या शरीराला लशीचे बळ अजून मिळालेलेच नव्हते.

संसर्ग कुठे झाला, हे आता कोणालाही सांगता येणार नाही. तो घरी, बाजारात किंवा दवाखान्यातही झाला असेल, आणि त्या रांगेतही झाला असेल. हे शेवटचे मी मुद्दाम लिहितो आहे, कारण आपल्या आईंच्या मनात नेमके तेच असावे आणि ते कोणी मान्य केलेले नसावे. ऐन लाटेत, लशींचा तुटवडा असताना, वृद्धांना दाटीवाटीने तासन् तास उभे करणे ही व्यवस्थेची चूक होती. ती मान्य करायला मला संकोच वाटत नाही. परंतु ती चूक रांगेची होती. लशीची नव्हती, आणि त्यांना प्रेमाने घेऊन जाणाऱ्या मुलीची तर मुळीच नव्हती. त्या दिवशी आपल्या हाती जी माहिती होती, तिच्या आधारावर कोणत्याही जाणत्या माणसाने तेच केले असते.

लशीने कधीच कोणाला अपाय होत नाही, असे मी म्हणणार नाही, कारण ते खरे नाही. लशीनंतरच्या गंभीर घटना तपासणाऱ्या राष्ट्रीय समितीने जूनमध्ये एका 68 वर्षांच्या गृहस्थांचा मृत्यू लशीनंतरच्या तीव्र अॅलर्जीने झाल्याचे मान्य केले. कोविशील्डनंतर रक्ताच्या गुठळ्या होण्याचे प्रमाण भारतात दहा लाख डोसांमागे 0.61 इतके आढळल्याचे याच समितीने मे महिन्यात सांगितले होते. लस घेतल्यानंतरच्या वीस दिवसांत सतत आणि तीव्र डोकेदुखी, धाप लागणे, छातीत दुखणे, हातापायाला सूज येणे किंवा टोचलेल्या जागेपासून दूर त्वचेवर लाल ठिपके उठणे यांपैकी काही दिसले, तर ताबडतोब रुग्णालयात जावे आणि लस घेतल्याचे डॉक्टरांना सांगावे. अशी प्रत्येक घटना कळवण्याची सोय आहे: लस घेतलेले केंद्र, प्राथमिक आरोग्य केंद्र किंवा 1075 हा दूरध्वनी क्रमांक. खाजगी डॉक्टरांनीही ती कळवायची असते. लोक तक्रार करतात तेव्हा ‘लशीचा काही संबंध नाही’ असे न तपासता सांगून त्यांना घालवून देणे फार घातक असते. अशा प्रत्येक प्रसंगाची गोष्ट पुढे गल्लीत फिरते आणि तिने दहा घरे लशीपासून दूर जातात.

आई आणि भावाशी आज लशीचा वाद घालू नका. वडिलांचे सगळे कागद घेऊन, घरातल्या ज्या डॉक्टरांवर आईंचा विश्वास आहे त्यांच्याकडे तिघे मिळून जा, आणि लशीविषयी काही विचारण्याआधी वडिलांना नेमके काय झाले, एवढेच त्यांना समजावून सांगायला सांगा. अनेक घरांत दुसऱ्या लाटेत माणूस गेले, पण काय होऊन गेले, हे कोणी बसून सांगितलेच नाही. दवाखान्यातून थेट स्मशानभूमीत नेले, आणि दहाव्याला चार माणसेही जमू शकली नाहीत. त्या न झालेल्या बोलण्याची जागा ‘लशीनेच गेले’ या वाक्याने घेतली आहे. ते बोलणे झाले की मग पुढचे पाहा. वडिलांना दिलेल्या लशीचीच भीती असेल, तर दुसऱ्या कंपनीची लस घेण्याची मोकळीक आहे, आणि आता केंद्रांवर रांगा नाहीत.

प्रश्न : मला पाचवा महिना आहे. आत्याबाई म्हणतात, पोटातल्या बाळाला बाधते. लस घ्यावी का? — एक वाचक, मिरज

उत्तर : घ्यावी. 2 जुलैपासून गरोदर स्त्रियांना लस देण्यास केंद्र सरकारने मान्यता दिलेली आहे आणि ती कोणत्याही महिन्यात घेता येते. गरोदरपणात कोरोना झाला तर आजार गंभीर होण्याची आणि बाळ अपुऱ्या दिवसांचे जन्मण्याची शक्यता वाढते. तुमची तपासणी करणाऱ्या डॉक्टरांना एकदा विचारा आणि आत्याबाईंनाही त्या वेळी बरोबर न्या, म्हणजे त्यांच्या शंका त्यांनाच विचारता येतील. लशीने वंध्यत्व येते, या म्हणण्यालाही कसलाच आधार नाही.

प्रश्न : मी शिक्षक आहे. लस न घेतलेल्यांचे रेशन आणि ग्रामपंचायतीचे दाखले बंद करावेत, असा ठराव गावात येऊ घातला आहे. यादी घेऊन दारोदार जाण्याचे काम आम्हा शिक्षकांकडे आहे. मला हे पटत नाही, पण गावाचे भले व्हावे असेही वाटते. — एक शिक्षक, आटपाडी तालुका

उत्तर : आपल्याला पटत नाही, ते योग्यच आहे. औरंगाबाद जिल्ह्यात याच महिन्यात रेशन आणि पेट्रोल लशीशी जोडणारे आदेश निघाले, त्यामुळे इतर गावांतही हा विचार पसरतो आहे. ही लस ऐच्छिक आहे, असे केंद्र सरकारने सांगितलेले आहे, आणि रेशन हा 2013 च्या अन्नसुरक्षा कायद्याने दिलेला हक्क आहे. गरिबाच्या ताटाला हात घालून त्याचा दंड पुढे करायला लावणे मला अमान्य आहे. ज्याला रेशनची गरज नाही, तो सुखवस्तू माणूस लस न घेताही या ठरावातून मोकळाच राहील, हेही ग्रामसभेत सांगा.

सक्तीचा अनुभव आपल्या भागाला नवा नाही. 1897 मध्ये प्लेगच्या साथीत पुण्यात सोल्जर घराघरांत शिरून झडत्या घेत होते. त्याचा परिणाम असा झाला, की लोक रुग्ण लपवू लागले आणि सरकारी औषधोपचारावरचा विश्वासच उडाला. शास्त्रज्ञ हाफकीन यांनी आपण तयार केलेली प्लेगची लस त्याच वर्षी जानेवारीत मुंबईत स्वतःला टोचून घेतली होती, पण लस चांगली असणे एवढ्याने लोकांचा विश्वास बसत नाही. त्याच साथीत, त्याच पुण्यात, सातारा जिल्ह्यातल्या नायगावच्या लेकीने, सावित्रीबाई फुले यांनी, रुग्णांना स्वतः उचलून मुलाच्या दवाखान्यात पोहोचवले, आणि त्यातच प्लेग होऊन 10 मार्च 1897 रोजी त्यांचे निधन झाले. साथीच्या काळात लोकांपर्यंत कसे जावे, याचा आदर्श शोधायचा तर आपल्याला लांब जावे लागत नाही.

आता यादीविषयी. आपल्या हातातल्या यादीतील सगळे लोक ‘नकार देणारे’ आहेत, असे धरून चालू नका. आटपाडी-खानापूर भागातले कितीतरी जण गलाईच्या, म्हणजे सोने-चांदी गाळण्याच्या, व्यवसायासाठी परराज्यांत आहेत आणि त्यांनी तिकडे लस घेतलेली असू शकते. काहींची नोंद वेगळ्या नंबरावर असेल. काही माणसे दुसऱ्या लाटेत गेलेली असतील. त्यांच्या दारात लशीची चौकशी करत उभे राहण्याआधी आशाताईंकडून खात्री करून घ्या. ही नावे बाजूला काढल्यावर जे उरतील त्यांना आधी एकच विचारा: ‘काय अडचण आहे?’ कोणी दारू सुटत नाही म्हणून घाबरते, कोणी रक्त पातळ होण्याची गोळी चालू आहे म्हणून, कोणाला बायपास झालेली आहे. दारूमुळे लस निकामी होते, याला पुरावा नाही. हृदयरोग असलेल्यांनी तर लस आवर्जून घ्यावी. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर सिस्टरला सांगावे आणि टोचलेली जागा न चोळता थोडा वेळ दाबून धरावी. अडचण ऐकून घेतल्यानंतरही कोणी नको म्हणाले, तर त्यांचा निरोप घ्यावा आणि पंधरा दिवसांनी पुन्हा जावे. तेव्हा शेजारचा लस घेतलेला माणूस बरोबर असला तर अधिक बरे.

आणि मेंढपाळ कुटुंबे. दिवाळीनंतर ती मेंढरे घेऊन चाऱ्याच्या शोधात बाहेर पडली आहेत आणि उन्हाळ्याच्या शेवटाशिवाय परतणार नाहीत, म्हणजे तुमच्या यादीत ती वर्षभर ‘बाकी’ दिसत राहतील. त्यांचे फोन नंबर गावातल्या नातलगांकडून मिळवा, त्यांचा वाडा, म्हणजे मेंढरांसह पडलेला तळ, सध्या कोणत्या गावाच्या शिवारात उतरला आहे ते विचारा, आणि त्या गावच्या आरोग्य केंद्राला आपल्या केंद्रामार्फत कळवा. मेंढरे शेतात बसवलेली असताना सकाळी लवकर गेले, तर घरातली सगळी माणसे एका जागी भेटतात.